रूथताईचा ‘हो’

“साहेब, हरकत खुद्द नवरीचीच असली तर?”

मार्था उभी राहून विचारती झाली आणि ताडकळसच्या त्या पत्र्याच्या प्रार्थनाघरात सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. मागच्या चटईवर तिची मैत्रीण कुसुम तोंडावर ओढणी दाबून हसत होती. पैज तिचीच. “शाळेत भाषणात पहिली आलीस म्हणून लय ऐट करायलीस ना? मग हे विचारून दाखव सगळ्यांसमोर!”

लग्न ठरलं की चर्चचे पाळकसाहेब तीन रविवार उपासनेत जाहीर विचारायचे, या लग्नाला कुणाची हरकत आहे का. आजचा तिसरा रविवार. लग्न रूथताईचं, मार्थाच्या थोरल्या बहिणीचं. आज कुणी बोललं नाही की विषय संपला.

“खाली बस गं भवाने!” आई कस्तुराबाई दातओठ खात म्हणाली. पुढे बसलेल्या बापानं, लिंबाजीनं, मानच खाली घातली.

पाळकसाहेब मात्र हसले नाहीत, रागावलेही नाहीत. “नवरीची हरकत सगळ्यात मोठी,” ते म्हणाले. “पण ती तिनं स्वतःच्या तोंडानं सांगावी लागते.”

मार्था ऐटीत खाली बसली. जिंकली की पैज! आणि तेवढ्यात तिच्या शेजारी बसलेली रूथताई उभी राहिली.

रूथताई बोलताना अडखळायची. अगदी लहानपणापासून. ती ‘पा’ म्हणाली की मार्था ‘पाणी’ म्हणून मोकळी. ती ‘बा’ म्हणाली की मार्था सांगणार, ‘बाजाराला जायचंय तिला.’ सगळी गल्ली म्हणायची, थोरलीची जीभबी धाकटीलाच मिळाली. मार्थाला त्याचा केवढा अभिमान!

“हो...” रूथताई म्हणाली. “हो... हो...”

“बघा, पोरगी हो म्हणायलीय!” बन्सीधरकाका जाग्यावरून ओरडले. स्थळ त्यांनीच आणलं होतं. “पाव्हण्यांनी विचारलं तवाबी असंच म्हणाली. तवाच तर साखर वाटली आमी!”

ती साखर घरोघर मार्थानंच वाटली होती. आताही तिच्या ओठावर पुढचं वाक्य तयार होतं. हो, पसंत हाय. ती तोंड उघडणार, तोच पाळकसाहेबांनी हात वर केला.

“आत्ताच उपदेशात काय सांगितलं मी? समोरच्याचं पुरतं ऐकून घ्या, मग जीभ उचला. अर्धं ऐकून बोलणाराचं तोंड देवाला आवडत नाही. थांबा सगळे.”

थांबले सगळे. बाहेर एसटी आली, माणसं उतरली, एसटी गेलीसुद्धा. रूथताईच्या गळ्याच्या शिरा ताठल्या होत्या. मार्थानं दोन्ही हातांनी चटई घट्ट धरून ठेवली. गप्प बसणं इतकं अवघड असतं? तिला बापडीला ठाऊकच नव्हतं.

“हो... होणार न्हाई,” रूथताई म्हणाली. “हे लग्न मा... माझ्याच्यानं होणार न्हाई. मला न... नर्स व्हायचंय.”

बन्सीधरकाका उघड्या तोंडानं बघत राहिले. “ऐकलं बाळ,” पाळकसाहेब म्हणाले, आणि त्या लग्नाचं जाहीर करणं त्यांनी तिथंच थांबवलं.

मार्थाची छाती अशी फुगली, की तशी ती भाषणात पहिली आल्यावरही फुगली नव्हती. वळून तिनं कुसुमकडे पाहिलं. बघ, बहीण कुणाची हाय ती!

घरी आल्यावर आईनं डोळ्याला पदर लावला. “आता पूर्णेला जाऊन पाव्हण्यांना कोणत्या तोंडानं सांगायचं?”

रूथताई चुलीपाशी भाकरी थापत होती, तिच्याकडे लिंबाजी बघत राहिला. मग म्हणाला, “सांगावं तर लागंलच. मार्थे, तुझं तोंड चालतं. उद्या तू चल आमच्या संगं आन् ताईचं म्हणणं नीट मांड. तिला न्यायचीबी गरज न्हाई. तिला बोलायला लावलं तर सगळा दिवस जाईल तिथंच.”

मार्थाच्या डोक्यात अख्खं भाषण उभं राहिलं, सुरुवातीच्या नमस्कारापासून शेवटच्या टाळ्यांपर्यंत. तिनं ते गिळलं.

“मी ठरवलंय बाबा. मी येते, पण बोलणार ताई. तिचं पुरं होईस्तोवर मी तोंड उघडणार न्हाई, आन् तुमी दोघांनीबी उघडायचं न्हाई. दिवस गेला तर जाऊ द्या.”