शहाऐंशी सालचं कार्ड

काचेची बरणी टेबलावर उपडी करून ल्यूशस टॉलिव्हर प्लास्टिकचे तुकडे निवडत होता. निळे एका बाजूला, बाकीचे दुसऱ्या. चर्चच्या तळघरात हीटर चालू होता, तरी त्यानं मफलर सोडला नव्हता. कार्डाचा नंबर जुळवून दाखवला तर बँक ऐकेल, असं त्याला सकाळपासून वाटत होतं.

"ब्रदर टॉलिव्हर, दोन आठवड्यांपूर्वी कात्रीसाठी रांग मोडून पुढे घुसलात ते तुम्हीच ना?" सिस्टर अर्लीन कप विसळता विसळता म्हणाली. "आणि 'आमेन' असं ओरडलात की माझी टोपी हलली."

"तुमची टोपी मी शिंकलो तरी हलते, सिस्टर," तो म्हणाला. पण मान वर केली नाही.

त्या रविवारी पास्टरांनी वेदीपुढे कात्री आणि बरणी ठेवली होती. ज्यांचं कर्ज फिटलंय त्यांनी यावं आणि आपलं कार्ड सगळ्यांसमोर कापावं. ल्यूशसनं शेवटचे चारशे डॉलर आदल्याच आठवड्यात भरले होते. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी डोक्यावर एका सेंटचंही देणं उरलं नाही, याचा त्याला इतका आनंद झाला की नुसतं कार्ड कापून त्याचं समाधान होईना. सोमवारी सकाळी त्यानं बँकेला फोन लावून खातंच बंद करायला सांगितलं. पलीकडची मुलगी म्हणाली, यावर रेनिटा गेन्स असंही एक नाव आहे, त्यांचं काय करायचं?

"तिचं आधी काढा," ल्यूशस म्हणाला होता. आपल्यामागे तिच्या दारात कुणी वसुलीला यायला नको.

रेनिटा त्याच्या बायकोची पहिल्या नवऱ्यापासूनची मुलगी. आई गेली तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. त्याच आठवड्यात त्यानं आपल्या कार्डावर तिचं नाव घातलं होतं, अडीअडचणीला असू दे म्हणून. तिनं ते कार्ड एकदाही वापरलं नाही.

आता ती जिना उतरून खाली आली. पाऊण तास बाहेर गाडीत बसून ती बँकेशी बोलत होती.

"काय म्हणाले?" त्यानं विचारलं.

"बंद केलेलं खातं परत उघडत नाहीत. नवीन देतील म्हणे."

"मग नवीन घेऊ. आजच घेऊ. पहिलं तुझं नाव घालू."

"त्याचं वय आजपासून मोजणार, मिस्टर ल्यूशस." ती समोरच्या घडीच्या खुर्चीवर बसली. "तुमचं कार्ड अडतीस वर्षांचं होतं. मी पस्तिसाची. माझी पत माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी होती, कळतंय का तुम्हाला? नाव काढलंत आणि ती सगळी वर्षं माझ्याकडून पुसली गेली. आता माझं स्वतःचं काय, तर चौदा महिन्यांचं एक कार्ड."

"आणि घर?"

"सह्या करण्याआधी घराचं कर्ज देणाऱ्यांनी आज पुन्हा माझा क्रेडिट स्कोअर तपासला. सातशे अठ्ठावीस होता, सहाशे एक झालाय. सहाशे वीसच्या खाली ते कर्ज देत नाहीत. घरमालकीण शुक्रवारपर्यंत थांबेल. तिच्याकडे दुसरं गिऱ्हाईक तयार आहे."

रेनिटा घेणार होती ते पिवळं घर ल्यूशसनं तीनदा पाहिलं होतं. मागच्या पायऱ्यांचा कठडा डुगडुगत होता, म्हणून मापं घेऊन त्यानं लाकूडही आणून ठेवलं होतं. ते लाकूड आठवलं आणि त्याला स्वतःची लाज वाटली.

"मला एकदा विचारायचं तरी," रेनिटा म्हणाली.

"विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस. मी मेल्यावर माझं कर्ज तुझ्या गळ्यात पडलं असतं, पोरी. माझ्या बापाचं माझ्या गळ्यात पडलं होतं."

"नसतं पडलं. माझं नुसतं नाव होतं तिथे. तुम्ही हजारो डॉलर बुडवून गेला असतात तरी ते माझ्याकडे मागू शकले नसते." तिचा आवाज चढला नाही, आणि तेच त्याला सोसेना. "कर्ज तुमचं एकट्याचं होतं. वर्षं तेवढी दोघांची होती."

टेबलावर निळं कार्ड जवळजवळ जुळत आलं होतं. एका तुकड्यावर खातं उघडल्याच्या सालाचा आकडा शाबूत होता, १९८६. त्यानं तो तुकडा उचलून मुठीत घेतला.

मोरीकडून नळाच्या आवाजावर सिस्टर अर्लीनचा आवाज आला. तिला यातलं काही ऐकू गेलं नव्हतं. "ब्रदर टॉलिव्हर, या रविवारी साक्ष द्यायला पास्टरांनी तुमचं नाव लावलंय बरं का. कर्जमुक्तीवर. काय बोलायचं ते ठरवलंत का?"

त्यानं रेनिटाकडे पाहिलं.

"सांगा ना," ती म्हणाली, "की आता तुम्ही कुणाचंच देणं लागत नाही."

मग ती उठली. खुर्चीवरचा त्याचा कोट घेऊन तिनं त्याच्यामागे धरला, आई गेल्यापासून दर हिवाळ्यात धरायची तसाच. ल्यूशस उठून उभा राहिला. एक हात बाहीत गेला. दुसरा मध्येच अडकला.

"मूठ सोडा," रेनिटा म्हणाली.

तो सोडेना. ती कोट धरून तशीच उभी राहिली.