सैल नट

निवृत्त फिटरच्या दारातल्या पायऱ्यांना कठडा बसवून विद्यापीठाच्या नव्या इंजिनीअरिंग क्लबची मुलं गेली. "फोटोपुरती सेवा ही! पुन्हा फिरकणार नाहीत," फिटर बायकोला म्हणाले. क्लबप्रमुख मुलगी मात्र शनिवारी तपासायला येते म्हणाली होती. 'बघूच,' म्हणत शनिवारी सकाळी त्यांनी पान्याने एक नट सैल करून ठेवला. ती क्लबमधल्या मैत्रिणीला घेऊन खरंच आली. तिने धरताच कठडा डुगडुगला. बसवताना नट मैत्रिणीनेच आवळले होते. मैत्रीण रडवेली झाली. फिटर दारातल्या खुर्चीतून टक लावून बघत राहिले. आता ही सगळं मैत्रिणीवर ढकलणार, कारखान्यातल्या साहेबांसारखी! "शेवटची तपासणी माझी होती," प्रमुख म्हणाली, "चूक माझी. आजोबा, तुम्ही पडला असता." फिटरना खुर्चीत बसवेना. उठून ते तिच्याजवळ गेले. "नसतो पडलो, पोरी," ओशाळून म्हणाले, "मला ठाऊक होतं. तो नट मीच सैल केलाय."