उशाशी मावणारी बरणी

"याहून लहान नाही का?" आईने तिसरी बरणीही परत केली.

जुन्या सामानाच्या दुकानदाराने कमरेवर हात ठेवले. "आजी, वाइन करायची म्हणता आणि एवढीशी बरणी मागता? ही मोठी घ्या. भावातही परवडेल आणि वर्षभर बघायला नको."

"मोठी एकदाच आटोपते. मला एकामागून एक लागतात. मध्ये खंड पडलेला चालत नाही."

"नेमाच्या पक्क्या दिसता!" दुकानदार मिश्कील हसला.

शेजारी उभी असलेली तिची मुलगी लाजेने अर्धमेली झाली. घरच्या दुःखापेक्षा परक्याची थट्टा माणसाला जास्त झोंबते. धाकटा भाऊ फोनवर नेमकं हेच म्हणाला होता. "ताई, बाबा गेल्यापासून आई उशाशी बाटल्या घेऊन निजते म्हणे. शेजारच्या काकूंनी डोळ्यांनी पाहिलं. तू जाऊन बघ. खरं असेल तर घराला कुलूप लाव आणि तिला माझ्याकडे आणून सोड." म्हणून ती आली होती, आईचे कपडे भरायला रिकामी बॅग घेऊन.

वाइनसाठीच्या खास छोट्या बरण्या मोठ्या दुकानात मिळत होत्या. पण तिथल्या एका बरणीच्या किमतीत आईचा आठवड्याचा बाजार झाला असता. शेवटी आईची नजर कोपऱ्यातल्या, धुळीने माखलेल्या मधाच्या बरणीवर गेली. तिने वीत लावून ती मोजली आणि झाकण अंगठ्याने दाबून पाहिलं. "याला भोक पाडता येईल," ती म्हणाली. तिचा चेहरा इतका उजळला की मुलीला भीतीच वाटली.

घरी आल्या आल्या आई कामाला लागली. तिने बरणी उकळत्या पाण्याने धुतली. मंडईतून उरलीसुरली, स्वस्तात मिळालेली द्राक्षं हाताने कुस्करली, त्यात साखर आणि यीस्ट घातलं. मग कपाटातून बारीक पारदर्शक नळीचं वेटोळं काढून तिचा तुकडा कापला. "आतल्या हवेला वाट हवी, नाहीतर बरणी फुटते," ती म्हणाली.

मुलगी झोपायच्या खोलीत गेली. बाबांचं तीन वर्षांचं आजारपण याच पलंगावर झालं होतं. औषधं, मशीन, त्यांची खुर्ची, सगळं गेलं होतं. त्यांच्या उशाशी एक स्टूल तेवढं उरलं होतं. त्यावर एक छोटी बरणी होती आणि तिच्या झाकणातून निघालेली नळी पाण्याच्या पेल्यात बुडवलेली होती. मुलीने वाकून पलंगाखाली पाहिलं. बाटल्याच बाटल्या. तिने एक ओढून काढली. ती गळ्यापर्यंत भरलेली होती, बूचसुद्धा हललेलं नव्हतं. दुसरीही तशीच. तिसरीही.

"आई, यातली एकही उघडलेली नाही."

"मला नाही बाई तो वास सोसत," दारातून आई म्हणाली. "तुला हव्या तर ने."

"मग करतेस कशाला?"

आई पदराला हात पुसत राहिली. "झोप लागते गं."

तेवढ्यात फोन वाजला. भाऊच होता. त्याचा जीव टांगणीला लागला होता. "काय गं ताई? खरं आहे का? पिते का ती?"

मुलगी उत्तर द्यायला तोंड उघडणार, तोच तिला ते ऐकू आलं. पेल्यातल्या नळीतून बुडबुडे वर येत होते, एकसारखे, थांबत नव्हते. आई पलंगावर आपल्या बाजूला आडवी झाली होती आणि तिचे डोळे मिटत चालले होते. मुलीने फोन स्पीकरवर लावला आणि पेल्याशेजारी ठेवला.

पलीकडून भावाचा आवाज आला, अगदी लहानपणीसारखा.

"ताई... बाबांचं ते रात्रभर बुडबुडणारं ऑक्सिजनचं मशीन आपण परत दिलं होतं ना?"