पायरीवरचे बूट

बोकदान आजीनं लाथ मारली तसे हेरानचे बूट अंगणात वाळत घातलेल्या मिरच्यांत जाऊन पडले.

"पुन्हा आलीस? गेल्या खेपेला अवदसा टळावी म्हणून पाठीवर मीठ फेकलं, ते कमी पडलं का?"

हेराननं बूट उचलले, मिरच्यांचं बी झटकलं, नाड्या आत खोचल्या आणि दारासमोरच्या पायरीवर ते पुन्हा नीट ठेवले, टोकं बाहेर करून. मग टेपरेकॉर्डर मांडीवर घेऊन ओसरीच्या कडेला टेकली.

चिवटच म्हातारी. पण इलाज नव्हता. युद्धात जपानी सैन्यानं शिपायांसाठी कोरियन पोरी ज्यात कोंडल्या, ते बंदरावरचं घर कधी नव्हतंच, असं जपानचे साहेब छातीठोकपणे सांगत होते. त्या घरातून जिवंत परतलेली एकटी बोकदान आजीच, अशा बायांच्या साक्षी गोळा करणाऱ्या हेरानच्या संघटनेला सापडली होती. ती गप्प मेली की साहेब खरे ठरणार होते.

"लाज नाही वाटत म्हातारीला नागवं करायला?" आजी मुळा चिरत खेकसली. "तुझी आई सांगेल का असलं चारचौघांत?"

"आई माझ्याशी बोलतच नाही, आजी. हे काम धरल्यापासून. असल्या बायांच्या दारात गेलीस तर माझ्या दारात येऊ नकोस, म्हणते."

"शहाणी आहे."

"दगड आहे!" हेरानचा इतक्या दिवसांचा राग उसळून आला. "तुमचं दुःख तिला काय कळणार?"

आजीची सुरी थांबली. ती बुटांकडे बघत राहिली.

"बूट असे ठेवायला कुणी शिकवलं तुला?"

"आईनंच. लहानपणी नाडी बाहेर दिसली की चापट बसायची. का?"

"लाव तुझं यंत्र."

हेराननं घाईघाईनं बटण दाबलं. आता हिनं मन बदलायच्या आत सगळं टेपवर यायला हवं होतं.

"त्या घरात एक मालकीण होती," आजी म्हणाली. "शिपाई आत गेले की त्यांचे बूट आम्ही पोरींनी लावायचे. टोकं बाहेर. तसे तर सगळेच जपानी ठेवतात. पण नाड्या आत खोचायच्या, हा त्या सटवीचा स्वतःचा नियम. दारू प्यालेला शिपाई अडखळला की वेताची छडी आमच्या पाठीवर. ती छडी खाल्लेल्या पोरींशिवाय बाहेर हे कुणाला ठाऊक असणार? गेल्या खेपेला तुझे बूट बघितले आणि वाटलं, ते घरच दारात आलं. म्हणून मीठ फेकलं."

हेरानचा हात बटणावरच राहिला. आजीनं तो बाजूला सारला आणि यंत्र स्वतःच बंद केलं.

"जा घरी, पोरी, आईकडे. माझं काय ते नंतर घे. आणि तुझ्या संघटनेला सांग, त्या घरातून मी एकटीच परतले नव्हते."