रिकाम्या डबीची रेघ

बाबांना धाप लागल्याचा फोन आला, तेव्हा मुंबईत न्यूट्रॉनच्या यंत्रावर आम्रपालीचा नंबर वर्षभराने लागला होता. ती रत्नागिरीला घरी गेली नाही. काजूच्या डिंकातले रेणू कसे हलतात, ते तिला मोजायचं होतं. रीतीप्रमाणे त्या रात्री आधी डिंक ठेवायची डबी रिकामीच यंत्रात मोजली. आलेखावर तिची रेघ सपाटच येते. कुणी बघतही नाही.

त्याच रात्री बाबा गेले. दिवसकार्यानंतर घरी तिने लॅपटॉपवर ती रेघ सहज उघडली. रेघ भराभर वरखाली होत होती.

मागून आई वाकली. "तुझा बापूस अशाच धापा टाकीत व्हता." रेघ सपाट झाली तिथे आईने बोट टेकलं. "हितं गेला. तुझी वाट बघून."

आम्रपालीने मान खाली घातली.

आईचं बोट पुढे सरकलं आणि रेघ पुन्हा वरखाली होऊ लागली तिथे थबकलं.

"मग बाय, हितून परत कोण धापा टाकतंय?"