ठिपक्यावरची रेघ

पडद्यावरची फुली थरथरत होती.

आनंदराव मेश्रामांनी माऊसवरचा हात चटकन उचलला. फुली जागच्या जागी थांबली. मागे ऑफिसातले चौघे उभे होते. त्यांच्यापैकी कुणी पाहिलं का, हे मान वळवून बघायचं धाडस त्यांना होईना.

"काय झालं, काका?" चारुशीलाने विचारलं. ही दोन महिन्यांपूर्वी लागलेली इंजिनियर. पुण्याला जाऊन नकाशे काढायचा हा नवा कॉम्प्युटर शिकून आली होती आणि आता ऑफिसातल्या ड्राफ्ट्समनांना शिकवत होती.

"मले नाही जमत हे, मॅडम. दुसऱ्या कोणाले बसवा."

"आठ दिवसांपासून हेच म्हणून राहिले तुम्ही," मागून गोविंदा म्हणाला. तो आनंदरावांच्याच वयाचा, शेजारच्या बोर्डावर काम करणारा. "करून तं पाहा ना गा एकदा."

सन अठ्ठ्याऐंशीचा मे महिना होता. बाहेर नागपूर भाजून निघत होतं आणि मशीनसाठी एसी लावलेल्या या काचेच्या खोलीत, चपला दाराबाहेर काढून, आनंदराव गारठून बसले होते.

एकोणतीस वर्षं त्यांनी पुलांचे आणि पाण्याच्या टाक्यांचे नकाशे काढले होते. त्यांच्या रेघेवर भिंत उचलली तर ओळंबा लावायची गरज नाही, असं साइटवरचे लोक म्हणायचे. दीड वर्षापूर्वी उजवा हात थरथरू लागला. ते कुणाला बोलले नाहीत. सकाळी तासभर आधी यायचे, ऑफिसात कुणी नसताना डाव्या हाताने उजवं मनगट दाबून शाईच्या रेघा ओढायचे. चुकलेली रेघ ब्लेडने खरवडायचे. कपबशी वाजते म्हणून चौघांत चहा घेणं सोडलं. आनंदरावांना आता माणसं नकोशी झाली, असं लोक बोलू लागले. त्यांनी बोलू दिलं.

हुडकेश्वरच्या दोन खोल्यांत विचारणारं कुणी नव्हतं. कौसल्याला जाऊन चार वर्षं झाली होती. मुलगी सुमती भिलाईला दिलेली. तिची तीन पत्रं बिनउत्तराची पडून होती. अक्षर बघितलं की तिला कळलं असतं.

आणि मग मालकांनी, मुकुंदराव साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. "एक तारखेपासून ड्रॉइंग बोर्ड बंद. मशीनवर सगळ्यांत आधी तुम्ही बसायचं."

"मी, साहेब? नवी पोरं हायेत ना."

"आधी तुम्ही," साहेब म्हणाले. समोरच्या कागदावरून त्यांनी मान वर केली नाही.

आनंदरावांना अर्थ लागला. कागदावर लपवता येत होतं. इथे हाताची एकेक थरथर सगळ्यांना पडद्यावर दिसणार. म्हातारा आपणहून जाईल, साहेबांना बोलावंही लागणार नाही. काल बसमध्ये त्यांनी राजीनाम्याची वाक्यं मनातल्या मनात जुळवली होती.

चारुशीलाने वाकून कीबोर्डवरची दोन बटणं दाबली. काळ्या पडद्यावर रांगोळीला घालावेत तसे ठिपके उमटले. सारख्या अंतरावर, ओळीने.

"आता धरा, काका."

त्यांनी धरला. हात थरथरला. फुली हलली नाही.

त्यांना वाटलं, यंत्र बिघडलं. त्यांनी माऊस थोडा सरकवला. फुली एका ठिपक्यावरून टुणकन पुढच्या ठिपक्यावर जाऊन बसली आणि तिथेच राहिली. खाली हात कापतच होता, पण वर पडद्यावर काही नाही. त्यांनी या ठिपक्यावर बटण दाबलं, दूरच्या ठिपक्यावर दाबलं. मधे रेघ उमटली.

"मोठी करून दाखवा," ते म्हणाले. आवाज त्यांचा त्यांनाच परका वाटला.

चारुशीलाने तेवढाच भाग दहापट मोठा केला. आनंदराव चष्मा कपाळावर सरकवून पडद्याला नाक लागेपर्यंत पुढे झुकले. रेघ सरळ होती.

मग ते थांबले नाहीत. पुलाचा एक खांब काढला, त्याचा पाया काढला, वरची पट्टी काढली.

"हे तं आपल्या आनंदरावाचंच काम हाय गा," गोविंदा अखेर म्हणाला. मग चहाची वेळ झाली म्हणून सगळे चपला शोधत बाहेर गेले. चारुशीला तेवढी थांबली.

"हे काय केलं तुम्ही, मॅडम?"

"याला स्नॅप म्हणतात. फुली ठिपक्यावरच थांबते, मधे कुठे नाही. हात जरा इकडेतिकडे झाला तरी रेघ बिघडत नाही."

हात. तिने हाच शब्द वापरला होता. आनंदरावांनी उजवा हात टेबलावर उघडा ठेवला आणि दीड वर्षात पहिल्यांदाच, कुणाच्या तरी समोर, त्याला हवा तसा कापू दिला.

"कोणालेच सांगतलं नव्हतं मी," ते म्हणाले. "पोरीलेही नाही. तुम्ही तं परवा आल्या. तुम्हाले कसं समजलं?"

"मला नाही समजलं, काका. पुण्याला पाठवताना मुकुंदराव साहेब म्हणाले होते, बाकी काही शिकली नाहीस तरी चालेल, पण आनंदरावांचा हात कापतो. त्या हाताने काम करता येईल असं त्या मशीनमध्ये काही आहे का, तेवढं बघून ये."