वाजणारी फियाट

दस्तगीरमिस्त्रींनी दामलेसरांची साठ सालातली फियाट अशी दुरुस्त केली, की तिची चाहूलही लागेना. मिरजभर कौतुक झालं. आठवड्यातच सरांच्या पत्नी नलूताई गॅरेजात हजर झाल्या.

"मिस्त्री, गाडी पुन्हा वाजायला हवी."

मिस्त्रींना थट्टाच वाटली. नलूताईंनी आवाज खाली आणला. "हे बाहेर गेले की मी मोकळ्या गळ्याने गायचे. गाडीची खडखड ऐकू आली की थांबायचे. परवा हे थेट दारात उभे! लाजेने मेले मी. तेव्हापासून तोंड उघडलेलं नाही."

इतक्या महिन्यांची मेहनत! पण एखाद्याचं गाणं आपल्यामुळे बंद पडावं, हे मिस्त्रींना सोसवेना. तपासणीच्या नावाखाली गाडी मागवून, मन घट्ट करून त्यांनी सायलेन्सरची पट्टी सैल केली.

थोड्याच दिवसांत सर आले. मिस्त्री ओशाळून म्हणाले, "पट्टी ढिली झालीय वाटतं. लगेच आवळतो."

"हात लावू नका!" सर घाईने म्हणाले. "ती परत गायला लागलीय. मी गाडी लांब देवळापाशी लावतो, चालत येऊन खिडकीखाली ऐकतो, आणि मग मागे जाऊन खडखडत घरी येतो."